टाचा राहिल्या

(वृद्धांच्या शुश्रूषागृहातली दोन पलंगांची खोली. दुपार. एक पलंग रिकामा, दुसऱ्यावर आजी. शेजारी खुर्चीत सरकारी तपासनीस बाई. दार आतून लोटलेलं.)

तपासनीस : म्हणजे सगळी रात्र एकाच कुशीवर?

आजी : सगळी रात्र. खांदा असा ठणकत होता की विचारू नका. मला स्वतःला हलता येत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

तपासनीस : आणि सेविका आलीच नाही?

आजी : डोकावली असेल. कूस काही बदलली नाही. मागच्या खेपेला सांगितलंय की हे सगळं. पुन्हा तेच गुऱ्हाळ?

तपासनीस : तेच, आजी. मागच्या खेपेला मी तुमची तक्रार नुसती लिहून घेतली. आज ती खरी की खोटी ते ठरवायला आलेय. तसा नियमच आहे आमचा.

आजी : नियम मला नका सांगू. मोठ्या इस्पितळात मेट्रन होते मी. तुमच्यासारखे तपासणीवाले किती आले आणि किती गेले! आधी मला विचारायचे कुठं बसू, मगच बसायचे. आणि तुम्ही अशा टोकावर काय बसलात? जरा मागे सरका, पाठ टेका. खुर्ची काही खात नाही.

तपासनीस : बरी आहे अशीच. अजून दोन मजले करायचेत.

आजी : होतील हो. पाणी घ्या. तो तांब्या ताजा भरलाय. उन्हातून आलात?

तपासनीस : आजी, मला एक सांगा. त्या सेविकेचं पुढे काय झालं, ठाऊक आहे तुम्हाला?

आजी : खाली धुलाईघरात टाकलीय म्हणे. चादरी धुते.

तपासनीस : ते चौकशी होईपर्यंत. आज मी ‘तक्रार खरी’ असं लिहिलं की तिला कामावरून काढणार.

आजी : काढणार?

तपासनीस : काढणार. आणि असा शेरा लागलेल्या बाईला दुसरीकडे कुठेही दारात उभं करत नाहीत. हे काम तिचं कायमचं सुटलं म्हणायचं.

आजी : अहो, पण... आमच्या वेळी समज द्यायचे. फार तर चार दिवस रात्रपाळी. काढून काय टाकायचं एवढ्यावरून?

तपासनीस : एवढ्यावरून? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही, हे ‘एवढं’?

आजी : तसं नाही म्हणत मी.

तपासनीस : मग कसं म्हणता? नीट आठवून सांगा, आजी. एका बाईच्या पोटावर पाय येतोय.

आजी : ...तुम्हाला मुलंबाळं आहेत का हो?

तपासनीस : एक मुलगी आहे. आजी, विषय बदलू नका.

आजी : कितवीला?

तपासनीस : नववीला.

आजी : नववी म्हणजे उलट उत्तरं. माझा मुलगा नववीत असताना महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. कशावरून ते आता त्यालाही आठवत नाही. सांगू का ती गंमत?

तपासनीस : नंतर. आधी जरा कुशीवर होता का? पाठ बघते. मी धरते तुम्हाला... हं. असं. दुखतंय?

आजी : नाही. हात हलका आहे तुमचा.

तपासनीस : पाठ स्वच्छ आहे. कमरेखाली... पावडर लावलीय, पण ठीकच दिसतंय. पण त्यावरून काही ठरत नाही, गेले पंधरा दिवस नवी सेविका आहे. तिनं सांभाळलं असेल. चला. बरं, तुम्ही तुमच्या म्हणण्यावर ठाम आहात?

आजी : आता शब्द दिलाय म्हटल्यावर...

तपासनीस : ठीक आहे. मग मी तसंच लिहिते. येते मी.

आजी : झालं?

तपासनीस : झालं.

आजी : एवढंच? अहो बाई, थांबा! टाचा राहिल्या!

तपासनीस : काय राहिलं?

आजी : टाचा! पडून असलेल्या माणसाची नुसती पाठ बघून कुणी निघतं का? टाचा, कोपरं, कानाच्या मागची बाजू. तिथं आधी कातडी जाते. माझ्या हाताखालची पोरगी अशी निघाली असती ना, तर दारातून परत बोलावून सगळ्या वॉर्डासमोर तिची हजेरी घेतली असती मी. आणि म्हणे तपासनीस! कुणी शिकवलं तुम्हाला?

तपासनीस : अहो, चिडू नका. बघते. पांघरूण काढू?

आजी : पायाकडून काढा. हं. आता टाच तळहातावर घ्या. नुसती बघू नका, अंगठ्यानं दाबा. लाली जाते का बघा.

तपासनीस : लालीच नाही.

आजी : दुसरी.

तपासनीस : दुसरीलाही नाही. कोपर... कोपरही छान. कान बघू. आजी, तुम्ही या पलंगावर कधीपासून आहात?

आजी : कंबर मोडली तेव्हापासून. तिसरं वर्ष.

तपासनीस : तिसरं वर्ष, आणि टाचा लहान बाळाच्या.

आजी : तेल लावायची ती. स्नानानंतर. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

तपासनीस : कोण?

आजी : पांघरूण घाला आता पायांवर.

तपासनीस : कोण तेल लावायची, आजी? नवी की धुलाईघरातली?

आजी : ऐकू आलं ना तुम्हाला.

तपासनीस : रात्र रात्र एका कुशीवर टाकलेल्या माणसाची कातडी अशी नसते. आणि एकदा गेलेली कातडी पंधरा दिवसांत अशी होतही नाही. डाग राहतो. हे मी तुम्हाला काय सांगणार?

आजी : नका सांगू. ठाऊक आहे.

तपासनीस : मी निघाले होते, आजी. हातात पिशवी घेतली होती. मग टाचा का दाखवल्यात?

आजी : बघवेना मला! इतकं अर्धवट काम करून कुणी चाललंय आणि मी गप्प पडून राहू? मेली जित्याची खोड.

तपासनीस : म्हणजे तक्रार खोटी.

आजी : खोटी. साफ खोटी. ती पोरगी कधी चुकली नाही. मी जागी असायचे, ती यायची, वळवायची, उशी लावायची, जायची. घड्याळ लावून घ्यावं असं काम.

तपासनीस : मग का हो? तिचं आणि तुमचं काही वाकडं होतं?

आजी : काहीच नव्हतं. वाकडं व्हायला आधी काहीतरी लागतं ना.

तपासनीस : मग?

आजी : हसाल.

तपासनीस : मला सध्या हसू येत नाहीये.

आजी : गेल्या वर्षी तुमच्या जागी एक गृहस्थ आले होते. मला विचारलं, कसं काय? मी म्हटलं, सगळं छान. त्यांनी उभ्या उभ्या खूण केली आणि गेले. त्या पलंगावर तेव्हा एक शिक्षिका होती. ती म्हणाली, आमटी पातळ असते. झालं! तिच्यासाठी ते पुन्हा आले. दार लोटलं, हीच खुर्ची ओढली आणि बसले. तुम्हाला काय आवडतं, पूर्वी कुठं राहायचात, झोप लागते का, स्वप्नं पडतात का. स्वप्नं, बाई! माझ्या स्वप्नांचं मला शेवटचं कुणी कधी विचारलं, आठवत नाही. मी इथं पडून सगळं ऐकत होते. इतका हेवा वाटला तिचा, की डोळ्यांत पाणी आलं. आमटीवरून!

तपासनीस : त्या शिक्षिका आता...

आजी : गेली. ती होती तेव्हा निदान भांडायला तरी कुणी होतं. मग तुम्ही आलात मागच्या खेपेला, विचारलंत काही तक्रार आहे का, आणि मी इकडेतिकडे बघितलं. मेलं सगळंच चांगलं इथलं! चादर स्वच्छ, जेवण गरम, औषध वेळेवर. खोट काढावी तर कशात? मग सुचलं, कूस. ते तुम्हाला लगेच पटेल असं वाटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तपासनीस : पण इथे माणसं आहेत की, आजी. दिवसभर येतात-जातात.

आजी : येतात. उचलतात, पुसतात, भरवतात, ठेवतात. इथं माझ्याशी कुणी वाईट वागत नाही, बाई. कुणी वागतच नाही. एकटं वाटतं मला. फार एकटं वाटतं. घ्या, सांगितलं.

तपासनीस : मुलगा?

आजी : करतो ना फोन. दर रविवारी. जेवलीस का, झोप लागते का, काही त्रास नाही ना. तुमचेच प्रश्न. फक्त तो उत्तर लिहून घेत नाही.

तपासनीस : त्याला सांगा ना असं.

आजी : काय सांगू? की बाबा रे, मला काही त्रास नाही, म्हणून त्रास होतोय?

तपासनीस : ...बरं. मी ‘तक्रार मागे घेतली’ असं लिहिते.

आजी : आणि मग तुम्ही पुन्हा कधी?

तपासनीस : आता पुढच्या वर्षी. तेव्हाही मीच असेन असं नाही.

आजी : नियम आहे.

तपासनीस : हो. पण... बघा, एखादी बारीकसारीक तक्रार असली, समजा अंघोळीचं पाणी कोमट असतं वगैरे, तर मला पंधरा दिवसांनी यावं लागेल. मी काही सुचवत नाहीये.

आजी : सुचवताय की!

तपासनीस : बरं, सुचवतेय.

आजी : पाणी तापवतो तो माणूस माझ्यासारखाच म्हातारा आहे. त्याला कुठल्या घरात टाकतील? नको, बाई. एकदा जिभेनं काय केलं ते बघितलं. लिहा तुम्ही. ‘मागे घेतली’ असं गुळमुळीत नका लिहू, तिच्यावर संशय राहील. म्हातारी खोटं बोलली, असं लिहा. आणि तिला वर बोलवा. तुमच्यादेखत सांगते तिला.

तपासनीस : नक्की? ती चिडलेली असणार.

आजी : चिडू दे. काहीतरी बोलेल तरी... नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. बोलवा.

तपासनीस : थांबा, फोन लावते. ...अहो, खाली धुलाईघरातल्या बाईंना वर पाठवता का? हो, लगेच. ...आजी, मी अशीच आले तर? कामाशिवाय. एखाद्या रविवारी.

आजी : येईन म्हणू नका. यायचं असलं तर या. म्हणून ठेवलंत की मी वाट बघत बसेन.

सेविका : बोलावलंत, मॅडम?

तपासनीस : या, आत या.

सेविका : इथूनच ऐकते. मला या खोलीत यायची बंदी आहे.

आजी : बंदी उठली. ये अशी. मी खोटं बोलले तुझ्याबद्दल. तू रोज कूस बदलत होतीस, एकदाही चुकली नाहीस. या बाईंना सगळं सांगितलंय.

सेविका : मी चुकले नाही ते मला ठाऊक आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.

आजी : रागव माझ्यावर. तुझा हक्क आहे.

सेविका : रागावून काय करू? घरी नवऱ्यानं विचारलं, खरं सांग, म्हातारीला काय केलंस? सासूनं विचारलं. शेजारणीनं तर विचारलंही नाही, नुसतं बघितलं. सगळ्यांना मी तेच सांगत होते, काही नाही केलं, काही नाही केलं. सांगून सांगून मलाच वाटायला लागलं, केलं की काय. का तसं सांगितलंत, आजी? मी काय वाकडं केलं होतं तुमचं?

आजी : काही नाही. मला कुणीतरी बोलायला हवं होतं. तक्रार केली की या बाई येऊन बसतात.

सेविका : एवढ्यासाठी?

आजी : एवढ्यासाठी.

सेविका : मला सांगायचं की. म्हणायचं, बस गं जरा.

आजी : बसली असतीस?

सेविका : नाही. खोटं कशाला बोलू? कुठून बसणार? तुम्हाला वळवलं की पुढचा पलंग, तो झाला की त्याच्या पुढचा. तिथं कुणी ओलं झालेलं असतं, कुणी रडत असतं. बसायला कुणी ठेवलंच नाहीये आम्हाला.

आजी : तेच.

तपासनीस : हे मी लिहीन. माणसं कमी आहेत, हे वर कळवीन.

सेविका : लिहा, मॅडम. आधीच्या साहेबांनीही लिहिलं होतं.

तपासनीस : ...बरं, मी निघते. खाली सांगते, यांना आजपासूनच वर घ्या म्हणून. आजी, ती नववीतली गंमत राहिली.

आजी : राहू दे. फार काही गमतीची नव्हतीच. जपून उतरा.

सेविका : गेल्या मॅडम. चला, वेळ झालीय, कूस बदलू.

आजी : तूच?

सेविका : मीच. दुसरं कोण आहे? हात गळ्यात टाका. हं... एक, दोन...

आजी : हात किती गार झालेत गं तुझे.

सेविका : पाण्यात होते दिवसभर.

आजी : खिडकीकडे करतेस का? तिकडे निदान रस्ता दिसतो.

सेविका : आता पाळी भिंतीकडची आहे.

आजी : पूर्वी करायचीस कधीकधी.

सेविका : पूर्वी करायचे. आता नाही जमणार. उद्या कुणी विचारलं तर मला छातीठोक सांगता आलं पाहिजे.

आजी : बरोबर आहे तुझं.

सेविका : उशी ठीक?

आजी : ठीक.

सेविका : खांद्याला रग नाही ना लागत?

आजी : नाही. छान आहे. सगळं छान आहे.

सेविका : बेल हाताशी ठेवतेय. काही लागलं तर वाजवा.

आजी : आणि काही लागलं नाही तर?

सेविका : तर नका वाजवू, आजी.