यीस्ट कमजोर निघालं

मंजुषा : चहा घ्या, साहेब. गार लागला त माइकवर सांगजा, चहापत्ती कमजोर निघाली म्हणून.

प्रसेनजित : सकाळी सकाळी सुरू झाली तू.

मंजुषा : अन् काल कारखान्याच्या कार्यक्रमात तुमी भर मांडवात सुरू झाले, ते चाललं? पाहुणे सोफ्यावर, मी मागच्या रांगेत, अन् माहा नवरा सांगून राह्यला, "यीस्ट आमच्याच लॅबचं होतं, ते कमजोर निघालं, म्हणून इथेनॉल झालं नाही." बायकोचं नाव तेवढं घेतलं नाई. उपकार झाले.

केशरबाई : कोन कमजोर निघालं रे, प्रसेन?

प्रसेनजित : खमीर, माय. पावात टाकतात नं, तसं. तुह्या सुनेनं वाढवलेलं. तूर-कपाशीच्या तुराट्या-पऱ्हाट्याईतून निघालेली साखर खाते अन् इथेनॉल बनवते. काल नाई बनवलं.

केशरबाई : काहून? उपाशी होतं का?

मंजुषा : उपाशी कायचं, आई! पोटभर जहर पाजलं तुमच्या लेकानं. तुराट्या तेजाबात, वाफेवर शिजवल्या की साखर निघते, पण तिच्यासंगं फरफ्युरलसारखं जहरबी निघते. म्हणून तो लगदा धुवा लागते, चुना मारा लागते, मंग टाकीत सोडा लागते. याईनं तसाच सोडला.

प्रसेनजित : टँकर आला नव्हता! पाहुणे वाशीमहून निघाले होते. धुवाले पाणी कुठून आणू? अन् तूच म्हणे नं, माहं यीस्ट जहर पचवते?

मंजुषा : पचवते. दोन-तीन वर्षं पाजलं म्या त्याले, थेंबाथेंबानं वाढवत. मेले ते मेले, जे वाचले त्याईचीच पिल्लावळ पुढं वाढवली. एक जनुक बदललं त्याईच्यात, त्याच्यानं फरफ्युरलची धार बोथट होते. पण त्याले वेळ लागते. आधी जहर निस्तरते, मंग साखरेले तोंड लावते. तुमचं भाषण संपेपर्यंत पचवते, असं म्या कवा म्हटलं? तसं भाषण काही कमी लंबं नव्हतं.

केशरबाई : थोडं थोडं जहर पाजून तयार करणं म्हंजे आमच्या सासूचीच पद्धत झाली.

प्रसेनजित : माय, तू तरी मधात बोलू नोको. हे पाह मंजू, मोठ्या साहेबाचं ठरलं हाय. बाहेरच्या कंपनीचं यीस्ट घेणार. लॅब बंद. पण तुह्यासाठी म्या शब्द टाकला. ऑफिसात बसवतील तुले.

मंजुषा : वा! हजेरी मांडाले? पीएचडी कामी आली म्हणा की. अन् टाकीचं काय?

प्रसेनजित : आज खाली होईन. ऑपरेटरले, अमरदीपले, सांगतलं हाय, आल्याबरोबर व्हॉल्व खोलजो म्हणून.

मंजुषा : थांबवा त्याले.

प्रसेनजित : मेलेल्याले ठेवून काय करतं?

मंजुषा : मेलं हे कोनं पाह्यलं? एक थेंब तरी मायक्रोस्कोपच्या काचेवर घेतला का? बुडबुडे दिसले नाई, की तुमची मयत जाहीर! लॅबले कुलूप लागलं त फ्रीजातलंबी फेकतील ते लोकं. मंग माह्याजवळ काहीच उरत नाई, प्रसेनजित.

प्रसेनजित : पण साहेबाले काय सांगू?

मंजुषा : साहेबाले कोन म्हणते? अमरदीपले सांगा. तेवढी पॉवर असन नं तुमाले?

केशरबाई : लाव रे फोन. आज नाई खाली केली त टाकी काही पळून जात नाई.

(प्रसेनजित फोन लावतो. मंजुषा चुलीकडे तोंड करून उभी राहते.)

प्रसेनजित : हॅलो, अमरदीप? खोलला का व्हॉल्व?... काय?... झाकणातून?... नाई नाई, हात लावू नोको! वास कसा येऊन राह्यला?... बरं. म्या सांगतल्याशिवाय काही करू नोको.

मंजुषा : काय म्हणे?

प्रसेनजित : झाकणातून फेस येऊन राह्यला म्हणे. दारूवानी वास सुटला हाय.

मंजुषा : कमजोर हाय नं बिचारं. तोंडाले फेस आला असन.

केशरबाई : म्हंजे, जित्तं हाय?

मंजुषा : जित्तं हाय, आई.

प्रसेनजित : साहेबाले सांगून देतो, यीस्ट चाललं म्हणून.

मंजुषा : एवढंच? काल काहून चाललं नाई, ते कोन सांगन? यीस्ट?

प्रसेनजित : मंजू, माह्या नोकरीचा सवाल हाय.

मंजुषा : काल माह्या नोकरीचा होता. तुमच्या हातून माइक काही सुटला नाई.

केशरबाई : तू लावतं का मी लावू? मले इंग्रजी येत नाई, पण लगदा धुतला नाई हे मराठीतबी सांगता येते.

प्रसेनजित : ...हॅलो, सर. टाकी चालू झाली... हो, तेच यीस्ट... नाही सर, यीस्टची चूक नव्हती. लगदा न धुताच टाकीत सोडला होता... अमरदीपनं नाही, सर. मीच सांगितलं होतं त्याला... हो, मॅडमनी आधीच बजावलं होतं... ठीक आहे, सर.

मंजुषा : काय म्हणे?

प्रसेनजित : तुले आत्ताच्या आत्ता बोलावलं. मले म्हणे, तुमी काही दिवस घरीच बसा.

केशरबाई : बस मंग. लसून सोलाचाच हाय.

मंजुषा : माही गाडी पंचर हाय. फाट्यापर्यंत सोडून देता का?

प्रसेनजित : फाट्यापर्यंत काहून? कारखान्यापर्यंत येतो. आत कोनी सोडणार नाई मले. पण वास त गेटापर्यंत येत असन.