सात नंबरचा खटका

—न्हाई, बसत न्हाई. उभाच बरा हाय. टेम्पोवाल्याला म्हणलंय मी, थांब जरा, पोरीचं सामान कुटं पळून चाललंय. तू बांध तुझं. बांधता बांधता ऐक, सायली, आन् मधी बोलू नको — एकदा थांबलो तर परत सांगायचा न्हाई मी.

गेल्या सालची, दोन हजार तेवीसची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झालेला, भाताची झोडणी चाललेली. आठवतंय ना? न आठवायला काय झालं — दोन वर्सांचं काम गेलं तुझं त्या दिवशी, लोकांच्या घरांचे नकाशे. कंपूटर लई रेंगाळतोय म्हणून तू त्यात ती काडेपेटीएवढी एसएसडी बसवत होतीस. जुन्या चकतीतलं सगळं नवीत उतरत होतं, तीन तास लागणार होते. तू आमच्या तुळजाबाईला सांगून गेलीस — काकी, पडदा काळा दिसला तरी आत काम चालू हाय, कुणाला हात लावू देऊ नका. आन् ही बया मला सांगायची विसरली. — न्हाई. खोटं. सांगितलं तिनं. मीच ऐकून घेतलं न्हाई. घरातल्या माणसाचं ऐकायची सवय न्हाई मला.

खाचरातनं घामाघूम आलो. बघतो तर तुझ्या सात नंबरच्या खोलीला कुलूप, आन् आत पंखा घरघरतोय. लाइट भाड्यातच धरलेली. अख्ख्या माण गावात खोल्यांचे जेवढे मालक हायेत ना, सगळ्यांच्या खोल्यांचे खटके आपापल्या पडवीत — भाडेकरू भाईर गेला की पाडायचा. त्यात विचार कसला करायचा? पाडला. आन् तुझी गाडी वाजली तसा गुपचूप वर केला.

तू विचारलंस, "बाबा, लाइट गेली होती का?" मी म्हणलं, वरनं गेली. वर आणिक सगळ्या भाडेकरूंसमोर म्हणलं, दिवसभर डबडं चालू ठेवतीस, दुसरं काय व्हणार! आन् शेजारी कोंडिबाची लाइटवरची गिरणी — सकाळधरनं एकदा थांबली नव्हती. दाणदाण चालू. दळणवाल्या बाया रांगेत. तू गिरणीकडं बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस, आन् म्हणलीस, "असू द्या बाबा."

शिवी दिली असतीस तर खोली खाली करायला लावली असती तुला, आन् सुखानं जेवलो असतो. पण "असू द्या"चं काय करायचं माणसानं? चार महिने गिरणी चालू झाली की मी घरात जाऊन बसतोय.

ती मेलेली चकती तू भंगारात टाकलीस. पोत्यातनं मी काढली. भूगावच्या कंपूटरच्या दुकानात नेली. तो म्हणला, आधीच थकलेली होती, चालताना लाइट गेली आन् बसली. म्हणलं, गेली न्हाई, मी घालवली. परक्यापाशी बोललो — तुझ्यापाशी न्हाई. त्यानं पुण्यातला पत्ता दिला, असल्या चकत्या उघडून वाचणाऱ्यांचा. तितं कागद भरायचा. मला सही तेवढी येती. तितल्या बाईंनी विचारलं, कारण काय लिहू? म्हणलं लिवा — घरमालकानं खटका पाडला. त्यांनी वर बघितलं. मी म्हणलं, लिवा.

हां, घे. ह्या डबीत हायेत तुझे नकाशे. सगळं न्हाई निघालं, थोडं गेलं ते गेलं. किती दिले ते विचारू नको. जोड तुझ्या लहान कंपूटरला, माझ्यासमोर जोड.

…उघडलं?

हे घर व्हय? पायऱ्यासुदिक मोजता येत्यात की.

आता रडायचं न्हाई. तवा रडली न्हाईस.

मिळालं ना तुझं? बरं. टेम्पोवाला हारन वाजवतोय. नीघ.