भावासाठी वाचलेलं

नागपूरचा महाल, १९७४. रॉकेलची रांग. माझ्यामागे एक बाई, तिच्यामागे एक पेन्शनर.

"तुम्ही कॉलेजातले ग्रंथपाल ना, सर? मी अंजना. मले न् माझ्या भावाले वाचनालयातून हाकललं होतं तुम्ही."

"ते कुजबुजणारं जोडपं? तो भाऊ होता तुझा?"

"सख्खा. देवराव."

"मला भलतंच वाटलं गं."

"सगळ्याइले वाटलं. एक ओळ वाचाले त्याले पाव तास लागे, अक्षरं एकमेकांत शिरत. ऐकलेलं मात्र पाठ. जाडी पुस्तकं घरी न्याले मिळत नव्हती, म्हणून मी त्याले तिथंच वाचून दाखवत होती."

"डोळे अधू होते?"

"चांगले होते. म्हणून तर सारे आळशी म्हणत."

"पुढं सरका वं बाई! गप्पा मारून राहिल्या!" पेन्शनर खेकसला.

"मग पुढं काय झालं?"

"मी येत राहिली. तो बाहेर सायकलीपाशी उभा राहे. बी.ए. मी झाली. तो कळमेश्वरले कारखान्यात पोती उचलते."

"अगं, जिन्याखालची खोली रिकामी होती. तिथं बसवलं असतं तुम्हाला. एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं होतं, सर. तुम्ही 'शांतता राखा'च्या पाटीकडे नुसतं बोट दाखवलं."