धरणाखालचं उघडं पाणी

— अहो, बाहेर नका उभं राहू, उडतील ते गरुड! या, ट्रकमध्ये बसा. गाडीला घाबरत नाहीत ते, माणसाला घाबरतात — आणि या थंडीत फुकटचं उडायला लावलं ना, की खाल्लेलं सगळं त्यातच जातं. बसा हो. जागा नवऱ्याची आहे, तो कॉफी आणायला गेलाय — येईल.

दिसले? त्या बोडक्या झाडावर, दोन पांढरी डोकी. मोठी ती मादी. हो, मादीच मोठी — आमच्या सासूबाई, अर्लीन, म्हणतात, तसंच असायला हवं. वरची मिसिसिपी गोठली तरी इथं धरणाखाली पाणी उघडं राहतं, म्हणून मासे, म्हणून हे दोघं. गावाचं उलटं — नदी गोठली की मालाच्या बोटी बंद, आणि बोटीवरचे पुरुष घरी. लग्नात एकेक बाई कानाशी येऊन तेच सांगून गेली — उन्हाळाभर तो नदीचा गं, हिवाळ्यात मात्र तुझाच. बरं वाटलं होतं ऐकायला. शेजारचा ड्वेन आलाय परत, त्याची बायको आत्ताच वैतागलीय, म्हणते याला पुन्हा पाण्यात सोडा कुणीतरी. — माझा? लाइल नाव त्याचं. तो... खाली दक्षिणेत आहे. तिकडे नदी गोठत नाही, बोटी चालूच असतात. हो, कॉफीचं म्हटलं खरं मी. अनोळखी माणसाला गाडीत घेताना म्हणावं लागतं काहीतरी.

रडत-बिडत नाहीये हो. काही वाटतच नाही, तेवढंच जरा विचित्र आहे. तिकडचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं, नि सांगितलं आईला. मला जेवताना कळलं — अर्लीन म्हणाल्या, बटाटे घे, आणि लाइल या हिवाळ्यात येत नाहीये. मी बटाटे घेतले. — बघा, बघा, मासा आणला त्यानं! तिला देतोय म्हणता? छे, तिनं ओढून घेतला. कसा सरकून बसला बघा.

फोन? वाजू दे. तोच असेल. कंपनी कायमचं ठेवून घेतेय त्याला, म्हणजे दर हिवाळा तिकडेच. आज त्याला कंपनीला कळवायचंय. म्हणतो, तू म्हणशील तसं — म्हणजे हो म्हटलं तरी मीच, नाही म्हटलं तरी मीच. थांबा हं.

हॅलो. हो, धरणावर... घे ती नोकरी. नाही, चिडले नाहीये. तिकडे दोघांसाठी घर नको शोधूस, मी येणार नाही. नाही रे, वसंतातही नाही. आईंना तूच सांग — त्यांना तर तू सगळं आधी सांगतोस.

उतरा आता तुम्ही. मला गाडी काढायचीय.