प्लांटची सायकल

स्टील प्लांटच्या दवाखान्यात गोळ्यांच्या लाइनीत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"ललिताताई, केस नाही रंगवले?"

"साठीले आली आता. पांढरे केस पाहून ट्रकवालेही वाट देतात मले."

"ट्रकवाले? आल्या कशावर तुम्ही?"

"ह्यांच्या प्लांटच्या सायकलवर! ड्युटीले तिच्यावरच जायचे. हे रिटायर झाल्यापासून घरी उभीच होती."

"शिकल्या कधी?"

"पहिल्याच दिवशी शिफ्ट सुटायच्या टायमाले निघाली अन् सायकलींच्या गर्दीत फसली. उतरता येईना, म्हणून सगळ्यांसंग सेक्टर सहापर्यंत गेली. आता रोज कुरुद गावापर्यंत जाऊन येते."

"अन् शुगर?"

"डॉक्टरनं गोळी बंद केली."

"मग लाइनीत कावून?"

"ह्यांच्या गोळ्या न्यायच्या आहेत."

"भाऊजी नाही आले?"

"येऊन राहिले ना मागून, पायी. सायकल तर माझ्याजवळ आहे!"