सावलीला घ्या

…आणि सावली, तुम्हाला सांगतो, सावली या वस्तूचा मला इतका उबग आलाय की परवा अंगणात माझीच सावली पुढ्यात पडली तर मी तिच्याकडे पाठ फिरवून उभा राहिलो. हसू नका. एप्रिलचा महिना, गुलबर्ग्याचं ऊन, पारा त्रेचाळीसच्या वर, आणि अशात एक माणूस सावलीचा तिरस्कार करतो म्हणजे ऊन याच्या टाळूपर्यंत पोचलंय, असंच तुम्ही म्हणणार. माझी बायको मंजुश्रीही तेच म्हणते. पण आधी ऐकून घ्या.

मी लोकगीतांचा अभ्यासक. आळंद, हुलसूर, औराद या सीमेवरच्या तालुक्यांत तीस वर्षं बायकांची गाणी गोळा करत हिंडलो, आणि या तीस वर्षांचा निष्कर्ष सांगायचा तर असा, की या मुलखात संशोधनाला खरा अडसर कशाचा असेल तर तो पाहुणचाराचा. तुम्ही गाणं विचारता, ते भाकरी वाढतात. तुम्ही चाल विचारता, ते शेंगांची चटणी वाढतात. तुम्ही पाठभेद विचारता, आणि तोवर तुमचे डोळे मिटायला लागलेले असतात, कारण दरम्यान ताकाचे तीन तांबे पोटात गेलेले असतात… संशोधन कुठे आणि कधी करायचं? म्हणून निवृत्त झालो त्याच दिवशी ठरवलं की आता आपलं घर आपण चाकांवर न्यायचं, आपला पंखा आपल्या विजेवर फिरवायचा आणि कुणाच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही.

गाडी मिळाली. हुलसूरच्या एका बँडवाल्याची जुनी मिनीबस. तिला नवा रंग दिला, पण जुन्या रंगातली 'लग्नकार्यासाठी भेटा' ही अक्षरं त्यातूनही डोकावतात, आणि चौकाचौकात लोक मला तारखा विचारतात, तो विषय वेगळा. आत एक पलंग केला, एक टेबल केलं, एका कोपऱ्याला चहूबाजूंनी गाद्या ठोकून ध्वनिमुद्रणासाठी आवाजबंद खोली केली. राहिली वीज. मंजुश्री म्हणाली, "जाणकार माणसाकडून बसवून घ्या." मी म्हणालो, पेटीवर स्पष्ट छापलंय, 'स्वतः बसवा, चार तासांत.' त्यावर ती म्हणाली, "तुम्ही बसवणार आहात हे छापणाऱ्याला ठाऊक नव्हतं."

मला सतरा दिवस लागले.

टपावर दोन पॅनल, आत एक कंट्रोलर, एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर, एवढाच प्रपंच. तारा ओळखू याव्यात म्हणून मी चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि परिभाषेच्या बाबतीत मी काटेकोर असल्यामुळे त्यांवर प्लस-मायनस न लिहिता स्वच्छ मराठीत 'धन' आणि 'ऋण' असं लिहिलं. टपाला भोकं पाडायला हुलसूरचाच वेल्डर अमृतप्पा होता. त्याने चिठ्ठी वाचली. मला विचारतो, "सर, दनाला वायर कामून? आत म्हशी ठेवनार हाव का?" आता कन्नडमध्ये दन म्हणजे गुरंढोरं, आणि अमृतप्पाच्या तोंडी आपला ध त्यांचा द होतो. मी त्याला समजावणार होतो. पण मेंढपाळांच्या गाण्यांत धन या शब्दाचा अर्थ पैसा नसून जनावरं असाच घ्यावा, असा सव्वीस पानांचा निबंध मीच लिहिलेला आहे.  चिठ्ठी तशीच ठेवली.

आणि तिथेच, तुम्हाला सांगतो, ते वाक्य पहिल्यांदा कानावर आलं.

"सर, उनात कामून उभारलाव? गाडी सावलीला घ्या की."

"अमृतप्पा, हे यंत्र उन्हावर चालतं."

"चालंल की. त्येला नगं सावली, तुमाला तर पायजे. घ्या, सावलीला घ्या."

युक्तिवादात खोट नव्हती. गाडी त्याच्या पत्र्याच्या शेडखाली घेतली, जोडणी केली, पाहिलं तर बॅटरीत काहीही जाईना. आता शेडखाली ऊन नाही म्हणून वीज नाही, हे कुणालाही कळलं असतं. मी शास्त्रशुद्ध विचार केला. मी म्हटलं, धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली असावी. टोकं फिरवली, गाडी उन्हात काढली, आणि कंट्रोलरमधून उदबत्तीसारखा एक बारीक धूर निघाला, शांतपणे वर गेला आणि संपला. अमृतप्पाने टोपी काढली. म्हणतो, "बगा. म्हनत हुतो का न्हाई, सावलीत बरं चाललं हुतं."

दुसरा कंट्रोलर आणला. या खेपेला पुस्तिका चार वेळा वाचली, आणि तिच्यात एक वाक्य ठळक होतं, की पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी बाकीचं पॅनलही झोपतं. माझ्या हालअपेष्टांची प्रस्तावनाच म्हणायची ती. कारण त्यानंतर मी जिथे जिथे गेलो… पेट्रोल पंपावर, "साब, छाँव में लो." कॉलेजच्या आवारात शिपाई भीमण्णा, "सर, सावलीला घ्या, रंग उडतो." ज्या गल्लीत थांबलो त्या गल्लीतलं प्रत्येक दार उघडून एक माणूस बाहेर येई आणि लिंबाच्या झाडाकडे हात करी. कुणाला पाहुणा उन्हात उभा पाहवत नाही. हे सौजन्य आहे, हे मला कळतं हो, मी यावर व्याख्यानं दिलेली आहेत. पण बॅटरी भरत नव्हती.

आता मुद्द्यावर येतो, कारण इथवर जे झालं त्यावर हसता येतं.

निंबर्ग्याच्या पुढे एका वस्तीवर बाणूबाई राहते. वय पंच्याऐंशी, मेंढरं राखणाऱ्या घरची. भर दुपारी सूर्य एका मेंढकरणीच्या दारात येतो, असं एक गाणं आहे. त्याची अकरा कडवी मी तीन गावांत तीन बायकांकडून मिळवली होती, आणि तिघीही एकाच जागी थांबत:

सुर्व्या आला दारी, त्याचे घोडे घामानं भिजले,
उभ्या उनामंदी देवाचे पाय गं भाजले…

पुढे काय? ती त्याला काय म्हणाली? बावीस वर्षं मी हे विचारत होतो. बारावं कडवं येणारी एकच बाई उरली होती, ती बाणूबाई, आणि तिच्या गळ्याला गाठ आली होती. सोमवारी सोलापुरात ऑपरेशन. डॉक्टरांनी तिच्या मुलाला, अप्पारावला, स्वच्छ सांगितलं होतं की गाठ जाईल, आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. रविवारी सकाळी ते निघणार. म्हणजे शनिवारची दुपार, एवढंच माझ्या हाती होतं.

शनिवारी सकाळी आठला मी वस्तीवर पोचलो आणि गाडी खळ्याच्या मधोमध, जिथे गवताचीही सावली पडत नाही अशा जागी लावली. आदल्या दिवशी गुलबर्ग्यात सगळ्यांनी मिळून मला सावलीत ठेवल्यामुळे बॅटरी तळाला गेली होती, पण बारापर्यंत ती भरणार होती, हिशेब चोख होता. रेकॉर्डरची स्वतःची बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. तो थेट विजेवर चालणार. मोबाइलची बॅटरीही संपलेली, तोही तिथेच लावलेला. मंजुश्री म्हणाली होती की साध्या सेलवर चालणारं एखादं यंत्र जवळ ठेवा, आणि मी तिला स्वावलंबनाचा अर्थ समजावून आलो होतो.

दहा वाजता अप्पाराव आला. "सर, घासभर खाऊन घ्या." मी नको म्हटलं. तो उभाच राहिला. त्याच्यामागे त्याचे भाऊबंद येऊन उभे राहिले. गेलो. कडक भाकरी, वरण, चटणी, ताक… दोन तास. आणि परत येऊन पाहतो तर खळ्यात गाडी नाही.

गाडी लिंबाखाली. सात जणांनी ढकलत नेलेली. आणि एवढंच नाही, टपावर, माझ्या दोन्ही पॅनलांवर, ओलीचिंब गोणपाटं पसरलेली.

"वर काळं काच हाय का काय, तव्यागत तापलं हुतं बगा," अप्पाराव सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला शिवी सुचेना. "हात लावला तर चटका बसायलाय. म्हनलं, सर आत कसं बसत्याल? पोती वली करून टाकलाव. आता बसा गारगार."

पुन्हा उन्हात काढायला वेळ नव्हता. सूर्य माथ्यावर आला होता आणि बाणूबाई पायरीवर पाय ठेवत होती. गाणं माथ्यावरच्या सूर्यालाच म्हणायचं असतं. ती आत आली, पंख्याखाली बसली, म्हणाली, "बरं वाटायलंय, मास्तर." दार लावलं. अप्पाराव तेवढा तिच्याजवळ. रेकॉर्डरचा दिवा लागला आणि तिने सूर धरला, आणि तो आवाज, गाठ असलेल्या गळ्यातून येणारा तो आवाज कसा होता ते मी सांगू शकत नाही, कारण पहिल्या कडव्यापासून माझं सगळं लक्ष कंट्रोलरच्या आकड्याकडे होतं.

अकरावं कडवं संपलं आणि इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला. पंखा थांबला, रेकॉर्डरचा दिवा विझला. मी काय केलं असेल? गप्प बसून ऐकलं असेल, असं तुम्हाला वाटतं ना? कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी पलंगाखाली शिरलो. डोकं बॅटरीच्या पेटीत, कानाशी ती टीं टीं टीं, हातात धन आणि ऋण… वर बाणूबाई गातच होती, आणि मी एक तार काढून दुसरी लावत होतो. शिट्टी थांबली तेव्हा वरही शांत झालं होतं.

"अप्पाराव, पुढचं कडवं?"

"झालं की, सर. तुमी हितंच हुताव."

"मी खाली होतो."

"गानं वर चाललंय तर खाली कामून गेलाव?"

मी बाणूबाईला हात जोडले. एकदाच पुन्हा म्हणा. तिने गळ्यावरून पदर सारखा केला. "एका दुपारला एकदाच, मास्तर. दोनदा म्हनलं तर सुर्व्या दोनदा थांबंल. मग लोकांनी उनात मरायचं का?"

"अप्पाराव, तुम्ही तरी सांगा. ती त्याला म्हणते काय?"

"इवलंसं हाय, सर. सुर्व्या म्हनतो, बाई, मला थांबायला येत न्हाई. तर ती म्हनती, थांबू नको, बापा. तुजी गाडी तेवढी सावलीला घे." आणि वर समजावून सांगतो, "तवापसनं दुपार कलती बगा."

मी तिथेच, पायरीवर बसलो. बावीस वर्षं. आणि गेले सहा महिने उभा जिल्हा ते बारावं कडवं मला दारादारातून ऐकवत होता आणि मी प्रत्येकावर खेकसत होतो.

"ओवी कशी आहे? चाल?"

"ते बायांचं हाय, सर. आमाला येत न्हाई."

माझ्याकडची अकरा कडवी मात्र चौथ्या आवाजात फार उत्तम मुद्रित झाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन आठवड्यांनी भेटायला गेलो तेव्हा बाणूबाई बाजेवर बसली होती, गळ्याला पट्टी, आवाज नाही. येईल म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. मी गाडी खळ्यात लावली. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि तळहात लिंबाकडे केला.

घेतली. सावलीला घेतली.

घरी आल्यावर मंजुश्री म्हणाली, आता तरी त्या काळ्या पाट्या टपावरून उतरवा, वीज काही येत नाही त्यांच्यातून. म्हटलं, राहू देत. टपाला ऊन लागत नाही त्यांच्यामुळे, आत सावली बरी पडते.