प्लग कुणाच्या खिशात

अहो, हलू नका म्हणते ना! धरा तसंच, दोन्ही हातांनी, छातीशी — पाण्याला टेकू देऊ नका. पाय घसरतोय? घसरणारच, शेवाळ आहे खाली, पंपाचा खड्डा आहे तो, तुमच्या बाथरूमची फरशी नाही. पण किती गुणाचे हो जावईबापू तुम्ही! बायकोला न्यायला आलात, आणि सासू म्हणाली, जरा उतरता का, वायरचं तोंड पाण्यात पडलंय, तेवढं उचलून धरा — तर लगेच बूट काढलेत, मोजे बुटांत खोचलेत, पॅन्ट दुमडलीत, घडीवर घडी, दोन्ही पायांची अगदी सारखी, आणि उतरलात. समोरच्या वहिनी गच्चीतून बघत होत्या म्हणूनही असेल, काय सांगावं. त्या गेल्या आत. आता आपण दोघंच. टिमकी खोलीत झोपलीय, ह्या खिडकीच्या पलीकडेच. न्याल हो, कुठे पळून जातेय ती? आधी हे काम होऊ दे.

तर तुमच्या हातात काय आहे — जोड. आमचं पोट ह्या जोडावर चालतं. मैदानातले कार्यक्रम, बागेतले दिवे, कारंजी, सगळीकडे आमच्याच वायरी. लोकांना वाटतं दिवे महत्त्वाचे — अहो, दिवा गेला तर गेला, दुसरा लावला. उघड्यावर माणूस मरतो तो जोडापाशी. वायर अख्खी असते, जाड रबराची, तिच्यावरून पाणी ओघळून जातं. पण जिथे एक वायर संपते आणि दुसरी लागते ना, तिथे पाणी वाट शोधतं. मग लोक काय करतात? पिशवी! प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, वरून दोरी आवळायची, की झालं झाकून. झाकलं म्हणजे कोरडं राहिलं का? पाणी तोंडातून आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाटच नाही. वरून बघावं तर कोरडं ठणठणीत, आणि आत जोड पाण्यात बसलेला. खरी रीत साधी आहे. जोड जमिनीवरून उचला, विटेवर ठेवा, फांदीला टांगा, काहीही करा. दोन्हीकडून वायरला खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून पाणी आलंच तर झोलाच्या तळाशी ठिबकून जातं, जोडापर्यंत चढत नाही. आणि वर डबी — रबरी कडेची, घट्ट मिटणारी, भोकं खालच्या अंगाला. तुमच्या हातातल्या तोंडाची डबी फुटलीय. नाही, आपोआप नाही फुटली. मी फोडली, हातोडीने, चहा झाल्यावर. म्हणून तर म्हणते हलू नका, आतलं पितळ उघडं आहे.

आता का घाबरलात? थांबा, थांबा, पाय उचलू नका, पायरी लांब आहे आणि माझं बोट जवळ आहे. ही बघा माझ्या मांडीवरची पेटी. हे बटण. तुमच्या हातातली वायर ह्या पेटीतून निघते, आणि पेटीची शेपटी खिडकीतून आत जाते, खोलीतल्या भिंतीत प्लग. बटण दाबलं की इथला लाल दिवा लागतो आणि करंट तुमच्या हातात. वायर टाकून दिलीत तर ती पडणार कुठे? ज्या पाण्यात तुम्ही उभे आहात त्यातच. तेव्हा धरून ठेवा. शहाणे आहात.

एक सांगू? तुम्ही विचारलंच नाहीत — प्लग कुठाय. आमच्या धंद्यातला माणूस जोडाला हात लावायच्या आधी हेच विचारतो, सख्ख्या भावालासुद्धा विचारतो. कारण नियमच आहे, ज्याचा हात जोडावर, प्लग त्याच्या खिशात. टेबलावर नाही, खुंटीला नाही, दुसऱ्याच्या भरवशावर तर नाहीच नाही. हा नियम कशावरून आला माहितीये? टिमकीचे बाबा. तुम्ही फोटोलाच नमस्कार केलात फक्त. मैदान पाऊस पडून चिकचिकलेलं, ते जोड उघडून पुसत बसलेले, प्लग काढून ठेवला होता — पण टेबलावर. आणि कुणीतरी भला माणूस आला, भलाच हो, शिव्या कुणाला घालायच्या, त्याला वाटलं निसटलाय, त्याने लावून दिला. लोकांना वाटतं शॉक बसला की माणूस किंचाळतो. छे! दातखीळ बसते. म्हणतात वायर माणसाला धरून ठेवते, तेही खोटं. मूठ आपलीच असते, तीच सुटत नाही, आवळत जाते. टाचा चिखलात आपटत होत्या त्यांच्या, थाड थाड, असं वाटावं की माणूस रागाने पाय आपटतोय. मी लाकडी फळीने हात सोडवला तेव्हा तळव्याचं कातडं वायरला चिकटून राहिलं. टिमकी तिथेच उभी होती, एवढीशी. तिला मी पाढ्यांच्या आधी हा नियम शिकवला. झोपेतून उठवून विचारायचे, प्लग कुणाच्या खिशात? ती ओरडून सांगायची. आवाज काय होता पोरीचा! दिवसभर वाजत असायची, गल्लीच्या टोकाला ऐकू यायची, म्हणून तर टिमकी. तुम्ही ऐकलाय का हो तिचा आवाज कधी? लग्नानंतर मीसुद्धा नाही ऐकला. फोनवर कुजबुजते. मला वाटायचं, संसारात पडली, पोक्त झाली. वरून कोरडं ठणठणीत.

परवा आली ती. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं, मनगटापर्यंत बाह्या. म्हणाली जिन्यावरून पडले. मी म्हटलं ये, पाठ शेकून देते — नको. तेल लावते — नको. आई, हात लावू नकोस ना! बरं बाई, नाही लावत. काल तापाने फणफणली, गाढ झोप लागली, आणि कुशीवर वळताना सदरा वर सरकला. मी हातातलं भांडं खाली ठेवलं, आवाज न करता. पाठ नव्हती ती, जावईबापू. पाठ राहिलीच नव्हती. जोडीजोडीने वळ, मधे कोरी पट्टी — म्हणजे वायर दुहेरी दुमडून धरलेली, जोर यावा म्हणून. काही काळेनिळे, काही फुटलेले, सदऱ्याला चिकटलेले. मी एका वळावर बोट ठेवलं, हलकेच. अहो, जन्म गेला माझा वायरीची जाडी बोटाने ओळखण्यात. घरातली बारीक वायर नव्हती ती. बाहेरची होती. काळी, गोल, जाड रबराची. तुमच्या गच्चीतल्या दिव्यांसाठी मीच बनवून दिलेली! जाड मुद्दाम घेतली होती मी, पावसात जोड भिजू नये, माझ्या पोरीला झटका बसू नये म्हणून. टोकाला डबीसुद्धा मीच बसवली होती. ती डबी तिच्या कमरेवर उमटलीय. रबराच्या कडेसकट. स्क्रूचं डोकं दिसतं, त्यातली खाच दिसते.

रडू नका. पाणी आधीच पुष्कळ आहे खड्ड्यात.

काय केलं होतं तिने? नाही, खरंच विचारतेय, मला ऐकायचंय. भाजी करपली? कुणाचा फोन आला? टॉवेल वाकडा टांगला? टापटीप लागते ना तुम्हाला! तुमचे मोजे बघते आणि माझ्या मनात येतं, मारताना बाह्या दुमडत असाल तुम्ही, घडीवर घडी. दुमडता ना? बघा, मान खाली गेली. आणि तोंडावर एक ओरखडा नाही हो पोरीच्या! सगळं कपड्यांच्या आत. म्हणजे राग अनावर झाला वगैरे काही नाही. राग आलेला माणूस जागा बघून मारत नाही.

मी ठरवलं होतं, नुसतं घाबरवायचं. पाचावर धारण बसली पाहिजे, रोज संध्याकाळी दाराची कडी वाजली की माझ्या पोरीच्या पोटात काय होत असेल ते एकदा ह्यांच्या पोटात होऊ दे, मग जा म्हणायचं. एवढंच होतं मनात. म्हणून डबी फोडली, म्हणून पंप बंद ठेवला, खड्डा भरू दिला. आणि पेटीत गळती पकडणारा स्विच असतो — पाण्यात करंट उतरला की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो पडतो, माणूस वाचतो — तो मी सकाळी काढून ठेवला. का काढला? नुसतं घाबरवायचं होतं तर तो काढायची काय गरज होती? हं. खरंय. हे मला आत्ता बोलता बोलताच कळतंय.

आणि सोपं किती आहे बघा. जावई मदतीला उतरले, पाय घसरला, पोरीच्या बापासारखंच झालं हो, काय नशीब म्हणायचं! वहिनींनी तुम्हाला उतरताना बघितलंयच. बूटही पायरीवर, मोजे बुटांत. लोक हळहळतील, एवढा समजूतदार माणूस गेला म्हणतील. मी पण रडेन, मला येतं रडता.

काय म्हणालात? पुटपुटू नका. — परत असं करणार नाही? बरं. पुढे? — हात सुटला? हात सुटला म्हणे! — काय? नाही, नाही, थांबा, हे शेवटचं काय म्हणालात? तिनेच काय? तिनेच आणली ही वेळ? तीच तशी वागते? अरे, पाण्यात उभा आहेस, उघडा जोड छातीशी धरलायस — आणि अजून तुझ्या तोंडातून हेच निघतं? अजून? मेलास तरी हेच म्हणत मरशील रे तू! नाहीच सुटायची ती तुझ्यापासून, घरी नेलंस की पुन्हा तीच वायर, पुन्हा तीच गच्ची, आणि एक दिवस मला फोन येईल, जिन्यावरून पडली —

दाबलं.

दाबलं मी.

दिवा — दिवा का नाही लागला?

उघड डोळे. श्वास घे. जिवंत आहेस तू. पुन्हा दाबते — नाही लागत. नाही लागत! थांब, पेटी उलटी करून बघते.

शेपटी… ही शेपटी सैल का लोंबतेय खिडकीतून?

टिमके! तू कधी उठलीस? कधीपासून उभी आहेस तिथे, गजांना धरून? अगं, अंगात ताप आहे, अनवाणी — काय आहे ते मुठीत? दे. दे म्हणते इकडे. — खिशात घातलास. काय? त्याने नाही ठेवला तर कुणीतरी ठेवायला हवा? हो गं. मीच शिकवलंय. झोपेतून उठवून शिकवलंय. — सगळं ऐकलंस? डबीपासून? — नाही, त्याच्यासाठी नाही, मला कळलं कुणासाठी काढलास ते, बोलू नकोस आता, मला कळलं. तुला बाप नाही, आणि आज आईही गेली असती तुझी, ह्या असल्या माणसापायी.

काय? मला नको सांगूस. त्याला सांग. कुजबुजलीस तर खड्ड्यात ऐकू जायचं नाही. मोठ्याने, टिमके! तुझ्या त्या आवाजात. मी हलणार नाही इथून, तोही हलणार नाही, तू बोल.

…

ऐकलंस? येणार नाही म्हणाली ती. अख्ख्या गल्लीने ऐकलं. ते बघ, वहिनी पुन्हा गच्चीत आल्या.

जोड विटेवर ठेव. वाकडा नको, नीट ठेव. बूट घे हातात, आणि नीघ.